एसडीएस बनवा, बिनघोर झोपा

चाकणच्या एखाद्या कंपनीच्या परचेसमधून दुपारी साडेचारला मेल येतो. ‘सर, मटेरियलची एसडीएस अर्जंट पाठवा, उद्या कस्टमर ऑडिट आहे, नाहीतर बिल होल्डला जाईल.’ तुमचा भोसरीत दोन गाळ्यांत धंदा. थिनर, डिग्रीझर, गंज काढायचं लिक्विड, स्टेनलेस स्टीलची पिकलिंग पेस्ट, जे खपेल ते तुम्ही बनवता, आणि जे बनवता येत नाही ते दुसऱ्याच्या बॅरलमधून आपल्या कॅनमध्ये ओतता. एसडीएस म्हणजे सेफ्टी डेटा शीट, मालातल्या रसायनांचे धोके सांगणारं पत्रक. आता हे सोळा विभागांचं पत्रक कोण भरणार, म्हणून तुम्हाला घाम फुटतो. काळजी नसावी. मी सेफ्टीत नोकरी करतो आणि तुमच्यासारख्यांनी पाठवलेल्या एसडीएस फायलीला लावण्यात माझी उमेद गेली आहे. तेव्हा उत्तम एसडीएस कशी असते, हे माझ्याकडून ऐका.

मुख्य म्हणजे स्वतः काही लिहायचं नाही. नेटवर एखाद्या परदेशी कंपनीची तयार पीडीएफ सापडते. रसायन तेच असलं पाहिजे असा हट्ट नको, नावात ‘क्लीनर’ असलं की झालं. पहिल्या पानावर तुमचा लोगो जरा मोठा लावा. चौथ्या पानाच्या तळाला मूळ कंपनीचं नाव तसंच राहिलं तरी चालतं, तिथपर्यंत कुणी जात नाही. कायद्यांच्या विभागात कॅलिफोर्नियाचा 1986 चा कायदा आहे तो काढू नका. आपल्याकडेही 1989 चे धोकादायक रसायनांचे नियम आहेत, त्यातल्या नियम 17 आणि अनुसूची 9 मध्ये या पत्रकाचा नमुनाच दिला आहे. पण कॅलिफोर्निया वाचलं की माल एक्स्पोर्ट क्वालिटीचा वाटतो.

धोक्याची चिन्हं रंगीत छापायची गरज नाही. लाल किनारीच्या शंकरपाळ्यांसारख्या त्या नऊ चौकटींची झेरॉक्स काढली की कवटी आणि ज्वाळा सारख्याच काळ्या दिसतात. भेदभाव राहत नाही.

तारीख दरवर्षी बदला. मजकूर नाही, तारीख.

जिथे काही सुचत नाही तिथे ‘एनए’ टाका. लागू नाही की माहिती नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पुण्याच्या आसपास जमीन एनए करताना माणसाचे केस पांढरे होतात; तुम्ही फ्लॅश पॉइंट, बाष्पदाब, स्फोटाची मर्यादा असं सगळं एका चहात एनए करून मोकळे होता. माझ्याकडे एका थिनरची एसडीएस आहे, तिच्यात फ्लॅश पॉइंट एनए आहे. थिनरचा! ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेट घेते, तो हा आकडा. त्यात टोल्युइन असेल तर तो 4 अंशांच्या आसपास असतो, ॲसिटोन असेल तर उणे 20 च्या आसपास. म्हणजे शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा इतका खाली उतरेल त्या पहाटे कॅनचं झाकण निर्धास्त उघडावं. एरवी वर्षभर, आणि एप्रिलात पत्र्याच्या शेडखाली तर विचारायलाच नको, कॅनच्या तोंडाशी ठिणगी आली की भडका. पण शेजारी ग्राइंडर मारणाऱ्या पोराला हे आकडे सांगून उगाच घाबरवायचं कशाला?

हातमोज्यांच्या रकान्यात ‘योग्य हातमोजे वापरावेत’ असं लिहा. योग्य कोणते ते हातमोज्यांना विचारावं. निळे नायट्राइलचे मोजे तेला-ग्रीसला ठीक असतात, ॲसिटोनमध्ये ते टिकत नाहीत, तिथे ब्यूटाइल रबर लागतं. असलं काही लिहिलंत तर परचेसला महागडे मोजे घ्यावे लागतील आणि पुढची ऑर्डर तुमच्या शेजाऱ्याला जाईल. साठवणुकीत ‘थंड, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावे’. कशाच्या शेजारी ठेवू नये हे मात्र गुलदस्त्यात ठेवा. आमच्या स्टोअरमध्ये ॲसिडच्या कॅनला खेटून हाउसकीपिंगचं सोडियम हायपोक्लोराइट ठेवलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही गळून एकत्र आलं तर क्लोरिन वायू तयार होतो, पण त्याचं चलान फाटलेलं नसल्याने त्याची एसडीएस द्यायला तुम्ही बांधील नाही.

वाहतुकीच्या विभागात समुद्रमार्गे न्यायचे नियम राहू द्यात. माल छोट्या टेम्पोतून भोसरीहून चाकणला जाणार आहे, एवढंच. यूएन नंबर, म्हणजे घातक माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, तेवढा वगळा. तळेगाव चौकात टेम्पो अडकला आणि कॅन फुटला तर अग्निशमन दलाची माणसं तोच चार आकडी नंबर शोधतात म्हणे. शोधू देत.

आणि आता खरी कसोटी, विभाग 3. मालात काय काय आहे आणि किती टक्के आहे, ते इथे लिहायचं असतं. यावर एकच रामबाण उपाय आहे: ‘ट्रेड सिक्रेट’. काहीजण जरा सजवून ‘खनिज आम्लांचं विशेष मिश्रण, 100 टक्के’ असं लिहितात. वाचायलाही भारदस्त वाटतं.

गेल्या महिन्यात असंच भारदस्त मिश्रण आमच्याकडे आलं. परचेसने दोन पैसे स्वस्त म्हणून नवा व्हेंडर आणला, मला कळलं ते कॅन स्टोअरला उतरल्यावर. पिकलिंग पेस्ट. स्टेनलेसला वेल्डिंग केलं की सांध्यावर जो काळा-निळा डाग पडतो तो काढायला ब्रशने लावतात. कॅनवर हिरव्या अक्षरांत ‘सेफ फॉर्म्युला’. एसडीएस मागितली, ती आली, विभाग 3 मध्ये वर सांगितलं तेच. घटक कळवा म्हणून मेल टाकले, फोन केले. तोवर प्रॉडक्शनने कॅन उघडला होता, कारण डिस्पॅच.

परभणीकडचा एक कंत्राटी मुलगा ती पेस्ट लावत होता. मोज्याला बारीक चीर होती. बोटाला जरा ओलं लागलं, त्याने नळाखाली हात धरला, पुसला आणि कामाला लागला. कारण काही दुखत नव्हतं. यातच सगळी मेख आहे. अशा पेस्टमध्ये बहुधा नायट्रिक ॲसिडसोबत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड, म्हणजे एचएफ, असतं. ते सौम्य असेल तर लगेच जळजळत नाही. कातडीतून आत शिरतं, आतलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हाडापर्यंत ठणका लागतो. जास्त प्रमाणात अंगात गेलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरून हृदयाचे ठोके बिघडतात. नुसत्या पाण्याने भागत नाही, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळावं लागतं, वेळप्रसंगी इंजेक्शन द्यावं लागतं. तुमच्या प्रथमोपचाराच्या विभागात काय होतं? ‘भरपूर पाण्याने धुवावे. त्रास झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’

रात्री तो मुलगा खोलीवर बोट धरून ओरडायला लागला. सोबतच्या पोरांनी दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. ड्यूटीवरच्या डॉक्टर बाईंनी सरळ विचारलं, यात एचएफ आहे का? मी म्हटलं, मॅडम, या पेस्टमध्ये असतं, पण यांनी लिहिलेलं नाही, वर ‘सेफ’ म्हटलंय आणि हल्ली बिनएचएफची पेस्टही मिळते. त्या म्हणाल्या, मग बनवणाऱ्याला विचारा, आहे का आणि किती टक्के. एसडीएसवर चोवीस तास आपत्कालीन संपर्क म्हणून एक अमेरिकेचा टोल-फ्री नंबर होता, भोसरीच्या पेस्टसाठी. तो इथून लागतच नाही. दुसरा नंबर ऑफिसचा, लँडलाइन. शेवटी परचेसच्या माणसाला झोपेतून उठवून सेल्सवाल्याचा मोबाइल मिळवला. तो म्हणाला, “सर, आपल्यात तसलं काही नसतं, एकदम सेफ आहे, बिनधास्त रहा.” मालक? “मालक लोणावळ्याला गेलेत, सोमवारी बोलून घ्या ना.”

बिनधास्त रहा!

डॉक्टर बाई शहाण्या होत्या. त्यांनी सेल्सवाल्यापेक्षा त्या बोटावर विश्वास ठेवला आणि एचएफ धरूनच उपचार सुरू केले. जेल शेजारच्या एका प्लँटच्या ओएचसीतून, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्यातून, आणलं, तिथल्या माणसाने रात्री गेटवर येऊन हातात दिलं. सोमवारी मालकांचा फोन आला. आवाजात काळजी वगैरे काही नव्हतं. “साहेब, तसं थोडंसं असतं त्यात. पण फॉर्म्युला कॉम्पिटिशनकडे जायला नको ना, म्हणून लिहीत नाही.”

कसला फॉर्म्युला? नायट्रिक आणि एचएफ एकत्र करून घट्ट करायचं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुमच्या शेजारच्या गाळेवाल्याला माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त त्या मुलाला. आणि ज्या अमेरिकेतून तुम्ही पत्रक ढापलंत, तिथलाच नियम सांगतो की गुपित असलं तरी रुग्णावर तातडीचे उपचार चालू असताना डॉक्टरने विचारलं की घटक तिथल्या तिथे सांगायचा, करारमदार नंतर. तेवढी ओळ कॉपी करायची राहिली वाटतं.

ऑडिटरची मी वेगळी आरती ओवाळतो. त्याने चेकलिस्ट काढली, विभाग मोजले, सोळा भरले, खूण केली. विभाग 3 मध्ये काय लिहिलंय हे वाचलं नाही, कारण चेकलिस्टवर ‘एसडीएस उपलब्ध आहे का’ एवढंच होतं. होती ना उपलब्ध! बारीक इंग्रजीत, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, माझ्या केबिनच्या कपाटात. शॉपवर मराठीत एक पानाचं सोपं पत्रक लावा म्हणून मी सांगितलं तर भिंतीचा रंग खराब होतो म्हणाले.

या कागदामागे काय आहे ते ठाऊक आहे का तुम्हाला? 1984, डिसेंबरच्या 2 आणि 3 तारखेमधली रात्र. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात माणसं डोळे चोळत, धापा टाकत येत होती, आणि हा वायू कोणता, यावर द्यायचं काय, हेच डॉक्टरांना कळत नव्हतं. त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात कलम 41-ब आलं, धोक्याची माहिती उघड करणं मालकावर बंधनकारक झालं. 111-अ आलं, ती माहिती मागायचा हक्क कामगाराला मिळाला. भोपाळ लांब वाटत असेल तर मुळशीतलं उरवडे घ्या. 7 जून 2021 ला तिथे रसायनांच्या कारखान्याला आग लागली, मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. आपल्या हातातून काय जातंय आणि ते कशाने पेटतं, हे त्यांना त्यांच्या भाषेत कुणी सांगितलं होतं का?

त्या मुलाचं बोट वाचलं. नख गेलं, टोक अजून बधिर आहे. कंत्राटदाराने त्याचे सुट्टीचे दिवस कापले, ते आणखी निराळं.

तर साहेब, आता नीट सांगतो. लाज वाटू द्या. तुम्हाला हे पत्रक लिहिता येत नाही असं नाही, तुम्हाला लिहायचं नाही. ॲसिड विकत घेता तेव्हा त्याच्यासोबत तुम्हाला एसडीएस येते, तिच्यात सगळं असतं, ते तुम्ही आपल्या हाताने खोडता. घटकाचं नाव लिहा, सीएएस नंबर, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, लिहा, टक्के अमुक ते अमुक असे लिहा, तेवढ्याने तुमचा धंदा बसत नाही. एचएफ असेल तर कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि प्रत्येक ऑर्डरसोबत जेलची ट्यूब द्या. रात्री दोनला उचलला जाईल असा मोबाइल नंबर द्या, आणि तो उचलणाऱ्याला मालात काय आहे ते माहीत असू द्या. नाही जमत? मग उदबत्त्या विका. परचेसवाल्यांनो, तुम्हीही हसू नका. दोन पैसे वाचवले म्हणून तुमची पाठ थोपटली गेली, त्या मुलाच्या बिलाला तुमच्यापैकी कुणी आलं नाही.

आणि पेस्टवाले शेठ, सुधारलेली एसडीएस या आठवड्यात माझ्या टेबलावर हवी. पुन्हा ‘ट्रेड सिक्रेट’ आलं तर तुमचे उरलेले कॅन भरलेलेच परत येतील, टेम्पोचं भाडं तुमच्याकडून वळतं करून, आणि सोबतच्या कव्हरिंग लेटरची एक प्रत औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला जाईल.