आज ‘हो का!’ म्हणायची पाळी कोणाची?

गेल्या वर्षी आम्ही पन्नास जणांच्या ग्रुपबरोबर हिमाचलला गेलो होतो. सहा-सात-आठ. म्हणजे सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. त्या बसमध्ये एक कुटुंब रोज आठ वीसला ‘सॉरी हं’ करत चढायचं आणि मग अंताक्षरी सुरू व्हायची. डोंबिवलीला परत आल्यावर बॅगा उघडायच्या आधी बायकोने जाहीर केलं, “पुढच्या वेळी प्रायव्हेट. आपली गाडी, आपला ड्रायव्हर, आपला गाईड.”

ऐकायला छान वाटतं. आपला गाईड. पण ग्रुपमध्ये एक सोय असते, ती गेल्यावर कळते. पन्नास जणांत तुम्ही मागे उभे राहू शकता. गाईड पुढे चौदाव्या शतकात असतो, तुम्ही मागे शेंगदाणे खात असता. प्रायव्हेट टूरमध्ये मागे ही जागाच नसते. गाईड एक, श्रोते चार, आणि तो दर वाक्यानंतर थांबून चौघांच्या डोळ्यांत आळीपाळीने बघतो.

चौघे म्हणजे मी, बायको, आणि भुसावळहून आलेले काका-काकू. काका लोको शेडमधून निवृत्त झालेत. सात सीटची गाडी, दिल्ली-जयपूर-आग्रा, सहा दिवस, प्रत्येक शहरात वेगळा गाईड.

दिल्लीचा गाईड सकाळी हॉटेलवर आला तो गळ्यात ओळखपत्र आणि हातात छत्री घेऊन. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री दाखवायला होती. कुतुबमिनारासमोर उभं करून त्याने ती वर केली आणि म्हणाला, “सर, ऊँचाई कितनी होगी? अंदाज लगाइए.”

मी आदल्या रात्री मोबाईलवर वाचलं होतं. म्हटलं, “साडेबहात्तर मीटर.”

माणसाचा चेहरा असा पडला की मला चोरी केल्यासारखं झालं. पुढची दहा मिनिटं तो माझ्याशी बोललाच नाही. मग लोहस्तंभापाशी आलो. सोळाशे वर्षं जुना, अजून गंज नाही. “वजन? अंदाज लगाइए.” बायकोने मला कोपराने ढोसलं. मी म्हटलं, “पन्नास किलो?” त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि लोखंड म्हणजे काय इथपासून सुरुवात केली.

तेव्हा कळलं की चुकीचं उत्तर देणं ही कला आहे. बरोबर दिलंत तर गाईड दुखावतो. फार चुकीचं दिलंत तर तो तुम्हाला बालवाडीत बसवतो. खऱ्या आकड्याच्या साधारण निम्मा सांगायचा, तोही जरा डोकं खाजवून. “तीन टन?” “नहीं सर! छह टन से ज़्यादा!” आणि मग तुम्ही म्हणायचं, “हो का!” मराठीत म्हटलंत तरी चालतं. सूर पोचला पाहिजे.

हा ‘हो का!’ दिवसातून किती वेळा म्हणावा लागतो याची कल्पना प्रायव्हेट टूर विकणारे देत नाहीत. दुपारपर्यंत माझा जबडा दुखायला लागला. लंचला मी आणि बायकोने पाळ्या लावून घेतल्या. त्या दिवशी सकाळी मी, दुपारी ती, पुढे एकेक दिवस. काका या कामाला निरुपयोगी, कारण ते कोणत्याही गाईडचं कोणतंही विधान मान्य करत नाहीत. आणि काकूंना पाळीची गरजच नव्हती. त्या प्रत्येक गोष्टीला एकाच सुरात “अरे देवा!” म्हणतात. मिनार कोणी बांधला? अरे देवा. तिकीट कितीचं? अरे देवा. पण गाईडला वाटायचं, या बाई आतून हलल्यात. तो मग त्यांच्याकडे तोंड करूनच बोलू लागला.

काकूंचे गुडघे गेलेत. आणि दुपारी हुमायूनच्या मकबऱ्यापाशी गाईडने एक घोडचूक केली. त्याने सांगितलं की हा बादशहा १५५६ साली पुराना किल्ल्यातल्या आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडला आणि त्यातच गेला. मग मागे राहिलेल्या बेगमने हा एवढा मकबरा बांधला. बायकोने माझ्याकडे बघून ‘बघा, बायकासुद्धा नवऱ्यासाठी बांधतात’ असा चेहरा केला. काकूंनी त्यातलं फक्त जिना एवढंच घेतलं. समोर चबुतऱ्याच्या उभ्या, उंच पायऱ्या होत्या. काकू खालीच एका दगडावर बसल्या.

“काकू, या ना, थोड्याच आहेत.”

“नको गं. तो तर बादशहा होता.”

त्यानंतर सहाही दिवस कुठेही पायरी आली की काकू नुसतं “हुमायून” म्हणायच्या आणि बूड टेकायच्या. फत्तेपूर सिक्रीला बुलंद दरवाज्याच्या पायऱ्या बघून तर त्या गाडीतून उतरल्याच नाहीत.

जयपूरला मात्र काकूंची राजघराण्यांबद्दलची मतं सुधारली. हवामहल सगळे रस्त्यावरून बघतात. ९५३ खिडक्या, समोरच्या गच्चीवरच्या कॅफेत कॉफी घेऊन फोटो, झालं. आमच्या गाईडने मागच्या दारातून आत नेलं. काकू दारातच ‘हुमायून’ म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, “माताजी, इसमें सीढ़ी कम है, रैम्प है.” आणि खरंच, वरच्या मजल्यांवर जायला उतार आहेत. काकू हातात पदर धरून टुकूटुकू वर गेल्या, जाळीच्या खिडकीतून खालचा बाजार पाहिला आणि विचारलं, “कोणी बांधलं हे?” सवाई प्रतापसिंह, १७९९. “शहाणा माणूस,” काकू म्हणाल्या. संपूर्ण टूरमध्ये त्यांनी ‘अरे देवा’ सोडून एवढंच मत दिलं.

काकांची वेळ जंतरमंतरला आली. म्हणजे शब्दशः. तिथलं सम्राट यंत्र, म्हणजे सूर्यघड्याळ, २७ मीटर उंच आहे. दगडाची ती एवढी मोठी तिरकी भिंत आणि दोन्ही बाजूंना संगमरवरी चाप. भिंतीची सावली चापावर सरकताना डोळ्यांना दिसते, बोटाएवढी, बोटाएवढी पुढे. दोन सेकंदांपर्यंत वेळ मोजता येते म्हणाले. (हा गाईड स्वतः पाऊण तास उशिरा आला होता.) काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, सावली पाहिली आणि विजयी आवाजात म्हणाले, “गलत है. आधा घंटा पीछे है.”

गाईडची ही आवडती वेळ असावी. त्याने समजावलं की आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरच्या वेळेवर चालतं, ती रेषा तिकडे मिर्झापूरजवळून जाते. जयपूर तिच्या पश्चिमेला, म्हणून इथला सूर्य साधारण २७ मिनिटं मागे, शिवाय महिन्याप्रमाणे थोडं कमी-जास्त. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे सूर्य राइट टाइम आहे, टाइमटेबल दुसऱ्या डिव्हिजनचं आहे.” एवढंच एक स्पष्टीकरण त्यांनी टूरभरात मान्य केलं.

आमेरला मात्र बिनसलं. गाईड अभिमानाने मिर्झाराजे जयसिंहांबद्दल सांगू लागला. त्याचंही बरोबर आहे, त्याच्या गावचे राजे. पण आम्ही चौघे एकदम गप्प झालो. गाईडला कळेना काय झालं. काका फक्त म्हणाले, “तेईस किले.”

“जी?”

“पुरंदर. सोलह सौ पैंसठ. तेईस किले दिए थे हमने.”

जणू सातबारा काकांच्या नावावर होता. मीच मध्ये पडून म्हटलं की अहो काका, त्यांच्याच मुलाने, रामसिंहांनी आग्र्यात महाराजांची हमी घेतली, औरंगजेबाचा रोषही पत्करला. काकांनी विचार करून रामसिंहांना माफ केलं. वडिलांना नाही. शीशमहाल त्यांनी पाठ फिरवून पाहिला. आरशांचा असल्याने तसाही दिसला.

आग्र्याला पोचलो तो वार शुक्रवार. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. हे आम्हाला माहीत नव्हतं, ते एक वेळ समजू शकतं. ज्यांनी पैसे घेऊन सहा दिवसांचं वेळापत्रक आखलं त्यांनाही माहीत नसावं याचं आश्चर्य वाटलं. फोन लावला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, “सर, बाहर से तो दिखेगा ना.”

मग आग्र्याचा किल्ला आधी. बाहेर घोड्यावरचा महाराजांचा पुतळा आहे. काकूंनी चपला काढून हात जोडले. आत गाईडला आमच्या बोलण्यावरून अंदाज आलाच होता. “महाराष्ट्र से? तो आइए, आपको स्पेशल दिखाता हूँ.” एका काळोख्या जिन्यापाशी नेलं, आवाज खाली आणला. “शिवाजी महाराज को यहीं रखा था. यहीं से मिठाई के टोकरे में...”

मी डोळे मिटून घेतले. पाळी बायकोची होती, पण तिचाही ‘हो का’ घशात अडकला.

“नाही,” काका म्हणाले. मराठीतच. मग हिंदीत, एकेक शब्द मोजून. महाराज १२ मे १६६६ ला दरबारात या किल्ल्यात आले हे खरं. पण पुढची नजरकैद किल्ल्यात नव्हती, बाहेर होती, रामसिंहांच्या तळाजवळ. ऑगस्टात तिथून निसटले. “यहाँ से टोकरा कैसे जाएगा? अंदाज लगाइए.”

गाईड बघतच राहिला. बहुधा धंद्यात आल्यापासून त्याला हा प्रश्न पहिल्यांदाच उलट आला असावा. थोड्या वेळाने म्हणाला, “सर, ज़्यादातर मराठी लोग खुश हो जाते हैं इससे.” त्यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळ रिकामी होती, म्हणून ‘पाँच मिनट, खरीदना नहीं है, सिर्फ देखना है’ सुरू झालं. जयपूरला याच पाच मिनिटांत आम्ही दोन रजया घेतल्या होत्या. डोंबिवलीत. रजया. आता संगमरवराचं दुकान. दारातच एक कारागीर मांडी घालून बसलेला. एका हाताने धनुकलीसारखी काठी पुढे-मागे, तिने घासायची साण फिरते, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत तुरीच्या डाळीएवढा तांबडा दगड. तो घासून फुलाची एक पाकळी. शेजारी संगमरवरावर गेरूसारखा रंग फासून त्यात पाकळीच्या आकाराची खाच कोरलेली. त्याने पाकळी ठेवली, काढली, पुन्हा घासली, पुन्हा ठेवली. नखही आत जाणार नाही अशी बसली. मी तिथे तासभर बसलो असतो. पण तो तेवढ्यापुरताच होता. लगेच आम्हाला आत नेलं, थंड पेयं आली, दिवे गेले आणि टेबलाखालून टॉर्च लागला. सगळी तांबडी फुलं निखाऱ्यासारखी पेटली. मी आणि बायको एकदम, पाळी-बिळी विसरून, “हो का!” म्हणालो. तिथेच चुकलं.

विक्रेता टेबल विकण्यावर आला. काकूंनी विचारलं, “इसपे गरम कुकर रखा तो?”

“कुछ नहीं होगा माताजी.”

“और लिंबू गिरा तो?”

“माताजी, ताजमहल पे साढ़े तीन सौ साल से बारिश गिर रही है!”

“पाऊस पडतो हो,” काकू मला म्हणाल्या, “लिंबू कुठे पडतंय तिथे?”

टेबल वाचलं. पण थंड पेयं प्यायलो होतो, मोकळ्या हाताने उठवेना. एक डबी घेतली. सुपारीची. आमच्याकडे कोणी सुपारी खात नाही. बावीसशे रुपये. पार्किंगमध्ये एक पोरगा तसलीच डबी घेऊन खिडकीशी आला, पाचशे म्हणाला, गाडी हलली तशी तीनशे, गेटपाशी दीडशे. गाईड या वेळी झाडांकडे पाहत होता.

शनिवारी पहाटे ताजमहाल. पाळी माझी. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, दरवाज्याच्या कमानीतून तो दिसला तेव्हा गाईडसुद्धा गप्प होता. मग अर्थात सुरू झाला. पूर्ण इमारतीत सगळं दोन्ही बाजूंना सारखं, एकच गोष्ट बाजूला सरकलेली, ती कोणती? शहाजहानची कबर, कारण ती मागून आली. बाकावरचे फोटो झाले, कळस चिमटीत धरायचा फोटो झाला. (फोटोत माझी चिमूट शेजारच्या मिनारावर आली आहे.) “मुमताज़ बेगम चौदहवें बच्चे के समय...” “अरे देवा!” काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच तो योग्य जागी पडला.

“...डेक्कन में कहीं गुज़र गईं.”

“कहीं?” काका थांबले. “कहीं मतलब?”

मला माहीत होतं हे येणार. भुसावळहून बुऱ्हाणपूर तासाभरावर. मुमताज गेली तिथे, १६३१ च्या जूनमध्ये. तापीच्या पलीकडे झैनाबादला बागेत तिला आधी पुरलं, सहा महिने ती तिथेच होती, मग इकडे आणली. काकांच्या लेखी ताजमहाल हा भुसावळ विभागातून हलवलेला माल आहे. त्यांनी गाईडला सगळं सांगितलं. तापी सांगितली, आहुखाना म्हणजे तीच बाग, तोही सांगितला. गाईड संगमरवरावर टेकून ऐकत होता. मध्येच त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते तोंड लगेच ओळखलं. सहा दिवस आरशात तेच बघत होतो.

“अच्छा! ऐसा क्या!” तो म्हणाला.

परतीला पंजाब मेल. काकांचा आग्रह, कारण ती घरावरून जाते. काका-काकू भुसावळला उतरणार, आम्ही पुढे कल्याण. खंडवा गेलं, जेवणं झाली, दिवे मालवले, डबी उशाशी ठेवून मी आडवा झालो. तेवढ्यात कोणीतरी पाय हलवला. काका उभे, बाहेर मिट्ट काळोख, त्यात दूर चार दिवे.

“ऊठ. बुऱ्हाणपूर आलं. ती बाग इथून किती लांब असेल? अंदाज लाव.”

वरच्या बर्थवरून बायकोचा झोपाळू आवाज आला, “आज शनिवार. तुमची पाळी.”

मी उठून बसलो, डोकं खाजवलं आणि जे मनात आलं त्याच्या निम्मं सांगितलं.