रुळावर चालवून दाखवणारा माणूस

मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे खऱ्या आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती रुळावर चालवण्याच्या छंदातल्या एका तरुण मित्राने परवा मला विचारले की, तीच कंपनी, तोच मॉडेल क्रमांक, तीच पेटी आणि ऑनलाइन किंमत मात्र दुकानापेक्षा बरीच कमी, मग दुकानाची पायरी चढायची कशासाठी? प्रश्न रास्त होता. ‘दुकाने टिकली पाहिजेत’ असे उत्तर मी देऊन टाकले खरे, पण ते माझे मलाच पटले नाही. कोणाचे तरी दुकान टिकावे म्हणून दुसऱ्याने जास्त पैसे मोजावेत, ही अपेक्षा उपकाराची झाली, आणि उपकारावर कोणताही व्यवहार फार दिवस चालत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो आहे. मॉडेल रेल्वेच्या बाबतीत ऑनलाइन घेतलेले इंजिन आणि चांगल्या दुकानातून घेतलेले इंजिन एकाच कारखान्यातून, एकसारख्या पेटीत आलेले असले तरी गिऱ्हाइकाच्या हातात पडताना ते एकसारखे उरत नाही, आणि किमतीतला फरक बहुतांशी त्या मधल्या कामाचा मोबदला असतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ते काम काय असते, हे मी ज्या दुकानात वर्षानुवर्षे जातो तिथे जवळून पाहिले आहे. दुकानदार पेटी उघडतो, आतले पातळ कागदाचे वेष्टण बाजूला करतो आणि इंजिन दोन बोटांनी खालच्या बाजूने उचलतो, कारण वरच्या बाजूला धरले तर हाताच्या कठड्याचे केसासारखे बारीक दांडे वाकतात. मग तो ते उलटे धरून चाकांच्या जोड्यांमधले अंतर एका छोट्या पितळी मापाने तपासतो. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ या प्रमाणात, दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि त्यावर धावणाऱ्या चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर १४.५ मिलिमीटरच्या आसपास असावे लागते. यात काही दशांश मिलिमीटरची चूक झाली, तरी इंजिन सरळ रुळावर मजेत धावते आणि सांध्यावर, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळण्याच्या जागी आले की घसरते. घरी बसलेला नवखा माणूस मात्र सांध्यालाच दोष देत राहतो, रूळ उखडतो, पुन्हा बसवतो आणि शेवटी कंटाळून सगळे पेटीत भरून माळ्यावर टाकतो. काउंटरवर मात्र ते चाक हलक्या हाताने अक्षावर किंचित सरकवले जाते आणि गोष्ट दोन मिनिटांत संपते.

त्यानंतर इंजिन काउंटरमागच्या मीटरभर रुळावर ठेवले जाते. दुकानदार ते जोरात पळवत नाही, कारण जोरात सगळीच इंजिने बरी धावतात. तो कंट्रोलरची कळ इतकी सावकाश फिरवतो की, इंजिन जागचे हलते आहे की नाही हे चाकाच्या आऱ्यांकडे पाहूनच कळावे, आणि मग तो काउंटरवर कान टेकवतो. मोटर अडखळते का, गिअर एका ठराविक जागी कुरकुरतो का, चाकांमधून वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्यांपैकी एखादी चाकाला न टेकता अधांतरी राहिली आहे का, हे त्याला तेवढ्यात समजते. दोन वेळा तर त्याने ‘हे तुम्ही नेऊ नका’ असे म्हणून पेटी बंद केली आणि स्वतःच कंपनीकडे परत पाठवली. माझे पैसे अजून खिशातच होते.

याउलट अनुभवही सांगतो. विक्रेत्याचे नाव घेत नाही, कारण मुद्दा एका विक्रेत्याचा नाही. ज्या वाफेच्या इंजिनाची मी फार दिवस वाट पाहिली होती, ते मी केवळ किंमत कमी म्हणून ऑनलाइन मागवले. पेटी बाहेरून व्यवस्थित होती. उघडली तेव्हा पुढच्या बफरपैकी, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गोल दट्ट्यांपैकी, एक सुटून तळाशी पडलेला होता आणि चालवून पाहिल्यावर चाकांचा प्रत्येक फेरा पूर्ण होताना इंजिन किंचित लंगडत होते. परत पाठवले. काही आठवड्यांनी दुसरे आले, त्याचा बफर शाबूत होता, पण लंगडणे तसेच होते. तेही परत केले, तेव्हा माल संपल्याचे कळवून पैसे परत मिळाले. व्यवहार म्हणून पाहिले तर त्यात कोणी मला फसवले नाही. पण हल्ली बरीच मॉडेल मर्यादित संख्येने, एका खेपेत तयार होतात, आणि ती खेप संपली की तेच मॉडेल पुन्हा कधी निघेल ते सांगता येत नाही. पैसे परत आले तरी ते इंजिन माझ्याकडे आजही नाही.

नवख्यांसाठी दुकानाचे महत्त्व याहूनही मोठे आहे असे मला वाटते, कारण या छंदात एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी दिसायला अगदी सारख्या असतात. एचओ आणि ब्रिटनमधले ओओ दोन्ही १६.५ मिलिमीटरच्याच रुळावर धावतात, पण ओओचे प्रमाण १:७६ आहे, त्यामुळे दोन्हींचे डबे एकामागोमाग जोडले की गाडी विजोड दिसते. एन स्केलचा रूळ सगळीकडे ९ मिलिमीटरचाच, पण युरोप-अमेरिकेत प्रमाण १:१६०, जपानी मॉडेलांत बहुधा १:१५० आणि ब्रिटिश मॉडेलांत १:१४८ असते. मेर्कलिन या जर्मन कंपनीच्या पारंपरिक पद्धतीत वीज रुळांच्या मधोमध असलेल्या बारीक टोकांतून घेतली जाते आणि दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी केलेली नसतात. ते डबे इतरांच्या दोन रुळांच्या पद्धतीवर ठेवले की थेट शॉर्ट सर्किट होते. आपल्या मुलीला वाढदिवसाला गाडी देण्यासाठी एका गृहस्थांनी सुरुवातीचा संच एकीकडून आणि जास्तीचे डबे दुसरीकडून असे ऑनलाइन मागवले होते आणि नेमका हाच घोटाळा झाला होता. डबे रुळावर ठेवले की गाडी थांबायची, काढले की चालायची. आपण संच बिघडवला असे त्या मुलीला वाटत होते. दुकानात गेले असते तर पहिला प्रश्नच ‘घरी रूळ कोणता आहे?’ असा विचारला गेला असता. संकेतस्थळावर सगळी माहिती दिलेली असते हे मला मान्य आहे, पण ती माहिती आपल्याला हवी आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ती सापडते.

डिकोडरचेही तसेच आहे. डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाच्या पोटात कंट्रोलरकडून आलेले संदेश ओळखून मोटर आणि दिवे चालवणारा एक चिमुकला डिकोडर बसतो आणि त्याच्या जोडणीचे प्रकार सहा पिनांचे, आठ पिनांचे, एकवीस पिनांचे असे निरनिराळे असतात. चुकीचा मागवला तर तो बसतच नाही, आणि आठ पिनांचा उलटा बसवला तर निदान इंजिनाचे दिवे तरी चालत नाहीत. यावर जास्त लिहीत नाही, कारण ज्यांनी हे केले आहे त्यांना ते पुरेसे आठवत असेल.

आता दुसरी बाजूही तितक्याच मनापासून मांडली पाहिजे, नाहीतर हे लिहिणे एकांगी होईल. ऑनलाइन खरेदी नसती तर माझ्या लेआउटमधला, म्हणजे घरी मांडलेल्या रूळ-स्टेशनांच्या देखाव्यातला, निम्मा तपशील उभा राहिला नसता. लेझरने कापलेल्या पुठ्ठ्याच्या इमारती, थ्रीडी प्रिंटरवर काढलेले सिग्नलचे भाग, एखाद्याच रेल्वेच्या एखाद्याच काळातले डब्यांवरचे आकडे छापून देणारे घरगुती कारागीर, हे सगळे लोक ऑनलाइनमुळेच जगाला सापडले. त्यांचा माल कोणतेही दुकान ठेवू शकणार नाही, कारण वर्षाकाठी तो मोजक्याच लोकांना लागतो. ज्यांच्या जवळपास दुकानच नाही, ज्यांना प्रवास झेपत नाही, त्यांना तर दुकानात जाण्याचा सल्ला देणे हा उद्धटपणा ठरेल. झेड स्केलसारख्या, म्हणजे १:२२० प्रमाणाच्या लहान मॉडेलांत रमणाऱ्यांना तर एरवीही बहुतेक सगळे मागवूनच घ्यावे लागते. क्रमांक पाहून डोळे झाकून घेता येईल अशी वस्तू, म्हणजे रुळांचे जोड, तार, बिजागऱ्या, रंग, मी स्वतः निःसंकोच ऑनलाइन घेतो.

जुन्या, वापरलेल्या मॉडेलांबाबत मात्र मी सावध झालो आहे. जस्ताच्या मिश्रधातूत ओतकामाच्या वेळी शिशासारखी अशुद्धी राहून गेली असेल, तर काही वर्षांनी तो भाग आतूनच फुगतो, त्याला केसाएवढ्या चिरा पडतात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. अशा इंजिनाचा सांगाडा वरच्या आवरणाखाली दडलेला असतो, आणि विक्रेता कितीही सचोटीचा असला तरी त्याने काढलेल्या छायाचित्रात ती चीर दिसत नाही. हातात घेऊन, आवरणाचे दोन स्क्रू सैल करून पाहण्याला इथे पर्याय नाही.

सगळी दुकाने चांगली असतात असे मी म्हणत नाही. नवख्याच्या प्रश्नावर कपाळाला आठ्या घालणारे, जुना माल नव्या भावाने गळ्यात मारणारे, मुलांना ‘हात लावू नका’ याशिवाय एक शब्द न बोलणारे दुकानदार मी पाहिले आहेत. अशा दुकानांना जास्त पैसे देण्याची कोणावरही जबाबदारी नाही. आपण मोबदला देतो तो ज्ञानाचा, तपासणीचा आणि वेळेचा. जिथे या तिन्ही गोष्टी मिळत नाहीत तिथे तो का द्यावा?

पण एक गोष्ट मला सरळसरळ चुकीची वाटते आणि ती मी स्वतः एकदा केलेली आहे. दुकानात जाऊन इंजिन काढायला लावायचे, ते चालवून पाहायचे, कोणता डिकोडर घ्यावा हे विचारून घ्यायचे, ‘विचार करून सांगतो’ म्हणायचे आणि घरी येऊन तेच कमी किमतीत मागवायचे. मी हे केले तेव्हा दुकानदाराने माझ्यासाठी जवळजवळ एक तास घालवला होता. पुढे ते मागवलेले इंजिन चालेना, तेव्हा मी ते घेऊन त्याच्याचकडे गेलो. त्याने कुठून घेतले हे विचारले नाही, दुरुस्त करून दिले आणि पैसे सांगितले तेही फक्त बदललेल्या कार्बन ब्रशचे. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. ज्याला ऑनलाइन घ्यायचे आहे त्याने खुशाल घ्यावे, पण मग निवडही ऑनलाइन माहितीवरच करावी. दुसऱ्याच्या कामाचा तास फुकट घेऊ नये.

दुकानदाराची आर्थिक अडचण समजून घेतली की त्याच्या किमतीचा राग कमी होतो. कंपन्या मॉडेल जाहीर करतात, आगाऊ मागणी घेतात आणि माल अनेकदा वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा येतो. किती नग लागतील याचा अंदाज दुकानदाराला कितीतरी आधी बांधावा लागतो. अंदाज चुकला तर माल पडून राहतो, कमी मागवला तर खेप संपते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. त्यातच आता अनेक कंपन्या आपल्या संकेतस्थळावरून थेट गिऱ्हाइकाला विकतात. शिवाय सुट्या भागांचे ते छोटे छोटे खण, ज्यांत चाकावर बसवायची रबरी कडी आणि डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलरच्या स्प्रिंग असतात, त्यांतून मिळणारा नफा नगण्य असतो आणि तरी छंद त्याच खणांवर चालतो. अडचण फक्त लहान दुकानांचीच आहे असेही नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या आणि पुढे ऑनलाइन विक्रीतही मोठे नाव कमावलेल्या हॅटन्स या मॉडेल रेल्वेच्या दुकानाने जानेवारी २०२४ मध्ये व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. स्वस्त आणि ऑनलाइन म्हणजे कायमचे, असे समजण्याचे कारण नाही.

या छंदाचे दुकानाच्या काचेशी नाते जुने आहे. न्यूयॉर्कमध्ये खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी प्रसिद्ध झालेली लायोनेल कंपनी सुरू करणाऱ्या जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०१ च्या सुमारास विजेवर चालणारा एक उघडा मालडबा तयार केला, तो विकण्यासाठी नव्हे, तर दुकानाच्या दर्शनी काचेमागे फिरत राहून दुसऱ्या मालाकडे लोकांचे लक्ष वेधावे म्हणून. लोक थांबले, पण त्यांना तो फिरणारा डबाच विकत हवा होता. आज हे असेच घडते ते दुकानासमोर. दुसऱ्याच कामासाठी जाणारे मूल काचेला नाक लावून उभे राहते आणि त्याच्या आईला किंवा वडिलांना थांबावे लागते. पडद्यावर आपल्याला तेच दाखवले जाते जे आपण आधीच शोधलेले असते. ज्याने मॉडेल रेल्वे हा शब्दही ऐकलेला नाही, त्याच्यासमोर ती अचानक येण्याची जागा रस्त्यावरची काच हीच आहे. आपल्या छंदाच्या गटांमधून दिसणारी पांढरी डोकी पाहिली की या काचा कमी होण्याची मला खरोखर चिंता वाटते.

माझ्या मते दुकानदारांनीही एक पाऊल पुढे टाकायला हवे. आपल्या कामाचे दर त्यांनी उघडपणे लावावेत. बाहेरून घेतलेले इंजिन तपासून, तेल देऊन, दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास फिरवून द्यायचे इतके, डिकोडर बसवून द्यायचा इतके, अशी पाटी काउंटरवर असावी. म्हणजे ज्याने ऑनलाइन घेतले आहे त्यालाही चोरासारखे न वाटता आत येता येईल आणि दुकानदाराचा तासही वाया जाणार नाही. मी ही सूचना माझ्या दुकानदाराला केली तेव्हा तो संकोचला, कारण इतकी वर्षे हे काम त्याने ओळखीत करून दिले होते. तरी गेल्या महिन्यात त्याने पाटी लावली. तिच्याखालची पहिली नोंद माझ्या नावावर आहे. ज्या इंजिनाची लाज वाटते असे वर लिहिले, तेच मी सर्व्हिसिंगसाठी त्याच्याकडे दिले आणि पूर्ण दर मोजला. माझ्या त्या तरुण मित्राला मी येत्या शनिवारी तिकडेच घेऊन जाणार आहे.