बाठा चोखायचा की टाकायचा?

काल संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर नुसती मारामारी व्हायची बाकी होती आणि विषय काय, तर कार्टूनमधला एक कुत्रा. देवगडात बंदराकडे जो रस्ता उतरतो त्याच्या वळणावर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्यासमोरचा हा कट्टा, म्हणजे पावसात खरं तर कट्टा भिजलेलाच असतो आणि आम्ही दुकानाच्या शेडखाली उभे असतो, पण म्हणायचं कट्टाच.

सुरुवात केली रुपाने. तिच्या पोराने रविवारी बसून ‘डग डेज’ ही त्या कुत्र्याची कार्टून सिरीज संपवली, पाचच भाग, एकेक जेमतेम आठ-दहा मिनिटांचा, आणि आता तो घरात येईल त्याला वास घेऊन ओळखतोय. आम्ही हसलो, तेवढ्यात शेखर बोलला, ‘असलं काय दाखवतेस त्याला, मूळ फिल्म दाखव, ‘अप’. ही सिरीज म्हणजे आंब्याचा रस काढून झाल्यावर उरलेला बाठा आहे, डिस्ने कंपनी म्हणते चोखा.’

शेखर मुंबईत व्हिडिओ एडिटिंग करतो. गणपतीला म्हणून यंदा पंधरा दिवस आधीच आलाय, वर्क फ्रॉम होम म्हणे, पण पावसाची एक सर आली की नेट बेपत्ता, त्यामुळे दिवसभराचा राग तो संध्याकाळी कट्ट्यावर काढतो.

बाबल्याने यातलं काहीच बघितलेलं नव्हतं. तो रिक्षा लावून आला आणि विचारतो, ‘कसली फिल्म?’ मग रुपाने सांगितली. कार्ल नावाचा एक म्हातारा, बायको एली वारलेली, आजूबाजूला टॉवर उठतायत आणि त्यांना याचं घर पाहिजे. तर हा घराला हजारो फुगे बांधतो आणि घरासकट उडतो, दक्षिण अमेरिकेतल्या धबधब्याकडे, दोघांचं लहानपणापासूनचं तिथे जायचं ठरलेलं असतं म्हणून. सोबत चुकून रसेल नावाचा एक पोरगा येतो आणि तिकडे त्यांना बोलणारा कुत्रा भेटतो, तो डग, गळ्यातल्या पट्ट्यातून बोलतो.

‘घरासकट उडालो? मगे घरपट्टी कोण भरता?’ बाबल्या.

मास्तर तोपर्यंत गप्प चहा पीत होते. ते म्हणाले, ‘आमच्यात उलटं आहे बाबल्या. माणसं उडून जातात, घर इथेच.’ यावर कोणी काही बोललं नाही, कारण मास्तरांचा मुलगा मुंबईला, गणपतीत पाच दिवस येतो, बाकी वर्षभर घरात ते आणि त्यांचा टिप्या.

शेखरचं म्हणणं असं की ‘अप’ ही पूर्ण झालेली गोष्ट आहे. 2009 ची फिल्म, त्या वर्षीच्या कान फेस्टिव्हलची सुरुवात तिनेच झाली, त्याआधी कुठल्याच ॲनिमेशनपटाला तो मान मिळाला नव्हता. दोन ऑस्कर, एक ॲनिमेशनचं आणि एक संगीताचं, आणि वर बेस्ट पिक्चरच्या यादीत नाव, जे तोपर्यंत ॲनिमेशनमध्ये फक्त एकदाच झालेलं. ‘आणि ती सुरुवातीची चार मिनिटं,’ तो म्हणाला, ‘एक शब्द नाही आणि अख्खा संसार. लग्न, घर रंगवणं, मूल न होणं, पैसे साठवायची बरणी दर वेळी फोडावी लागणं, म्हातारपण, तिचं जाणं. एवढं करून शेवटी तो ते घर सोडून देतो. तिथे पडदा पडला. मग बारा वर्षांनी 2021 ला त्याच म्हाताऱ्याला मागच्या अंगणात उभं करून कुत्रा खारीच्या मागे पळतो हे दाखवायचं? कशाला?’

कशाला याचं उत्तरही त्यानेच दिलं. 2019 च्या नोव्हेंबरात डिस्नेने स्वतःचं स्ट्रीमिंग काढलं, त्याला सारखं काहीतरी खायला लागतं आणि अशी मोठी फिल्म करायला चार-पाच वर्षं जातात, मग काढा जुन्या फिल्ममधला एखादा लाडका आणि द्या त्याला पाच-सहा भाग. ‘टॉय स्टोरी’तल्या त्या प्लास्टिकच्या काट्याचमच्याचे दहा भाग केले, बेमॅक्स या गुबगुबीत रोबोचे सहा, ‘इनसाइड आउट’ या डोक्यातल्या भावनांच्या फिल्मवरून 2024 च्या डिसेंबरात स्वप्नांच्या स्टुडिओचे चार. धंदाच आहे तो, यात शेखरचं काही चुकत नाही असं मलाही वाटतं.

पण बाबल्या, ज्याने यातलं काही बघितलेलं नाही, त्यानेच मुद्द्याचं काढलं. ‘दशावतारात संकासूर येता मां? तेका बघूकच अर्धो गाव येता. पोरां तर संकासूर गेलो की झोपतत.’

आता हे खरं आहे. आड दशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाच्या आधीच्या भागात, संकासूर हा राक्षस यायचा, काळे कपडे, मालवणीत वाटेल ते बोलणार, समोर बसलेल्या सरपंचालाही सोडणार नाही, आणि खरं आख्यान अजून सुरूच झालेलं नसतं. शेखर लगेच, ‘बरोबर, पण संकासुराला कोणी रात्रभर स्टेजवर ठेवत नाही, अर्ध्या-पाऊण तासात त्याला विष्णूकडून मारतात ते उगाच नाही.’

‘अरे मग पाच भागांचा टोटल किती झाला?’ रुपा म्हणाली. ‘पाऊण तासच ना? तेवढाच तर आहे.’ शेखरकडे याला उत्तर नव्हतं, त्याने भजीचा कागद चुरगळला. आणि रुपाने वर अजून एक ठेवून दिली, की ही सिरीज कोणा परक्याने बनवलेली नाही, बॉब पीटरसन हाच मूळ फिल्मचा सहदिग्दर्शक, डगचा आवाजही त्याचाच, आणि सिरीजही त्यानेच लिहिली आणि केली. म्हणजे आपल्याच कलमाचा बाठा आहे, चोखेल नाहीतर पुरेल.

मी दोन्ही बघितलंय त्यामुळे मला मध्ये पडावंच लागलं. माझं म्हणणं असं, की फिल्ममधलं सगळं साहस काही दिवसांत आटपतं, पण त्यानंतर त्या म्हाताऱ्याला रोज सकाळी उठायचंच असतं ना, घर तर तिकडे धबधब्यावर राहिलं, आता नवीन घर, मागे थोडं आवार, एक कुत्रा जो कुठलाही वास आला की आपल्याशी भांडायला आलाय असं समजतो, आणि अधूनमधून येणारा तो पोरगा. व्हिलन नाही, विमान नाही. एका भागात तर डगला नुसती पिल्लं सांभाळायची असतात आणि त्यात त्याची जी फजिती होते ती ज्याच्या घरी चुलत-मावस मिळून आठ पोरं मे महिन्यात येतात त्याला वेगळी समजावून सांगायला नको. मुख्य म्हणजे त्या चार मिनिटांना हात लावलेला नाही. दुसरी फिल्म काढली असती तर परत कुठेतरी उडवावं लागलं असतं त्याला, ते जास्त वाईट झालं असतं. मात्र शेखरचं एक मला पटलं, की कार्ल यात नुसता कुत्र्याचा मालक उरतो, फिल्ममध्ये त्याच्या चेहऱ्यावर जे ओझं होतं ते इथे कुठे दिसत नाही, आणि पट्ट्यातून बोलण्याची गंमत सलग बघितलं तर तिसऱ्या भागाला जरा पातळ होते. रोज एक बघावा.

‘चानीच्या मागे धावता तो?’ बाबल्या मध्येच. ‘मगे आमच्या हयसर तो बोललो असतो, चानी! चानी!’ आणि तो स्वतःच मान गर्रकन वळवून दाखवायला लागला, हुबेहूब डग, न बघता.

मग मी ते सांगितलं जे मला बघताना माहीत नव्हतं. कार्लचा आवाज देणारे एड ॲसनर 29 ऑगस्ट 2021 ला गेले, 91 वर्षांचे होते, आणि सिरीज आली 1 सप्टेंबरला. मध्ये तीनच दिवस. म्हणजे लोकांनी पहिला भाग लावला तेव्हा तो आवाज देणारा माणूस नव्हताच.

‘अरे देवा,’ रुपा म्हणाली. शेखरही गप्प.

‘पण त्यांचं अजून एक छोटं कार्टून राहिलेलं,’ मी म्हटलं, ‘आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं, ते 2023 ला थिएटरात दुसऱ्या एका फिल्मच्या आधी दाखवलं. त्यात कार्लला एक बाई भेटायला बोलावते, डेटवर, आणि तो घाबरतो आणि डग त्याला सल्ले देतो.’

इथे खरी आग लागली. रुपा तोपर्यंत सिरीजच्या बाजूने होती ती एकदम पलटली, ‘नाही हां, हे नाही चालणार. ती चार मिनिटं बघून आम्ही रडायचं आणि आता एलीच्या जागी दुसरी?’ शेखर म्हणाला, ‘बघ, मी काय सांगत होतो, बाठा चोखता चोखता आता सालपण खातायत.’ मी म्हटलं जागी नाही गो, नुसतं भेटायचंय, पण माझं कोण ऐकतंय. बाबल्या म्हणाला, ‘एकटो रवता, कोणाशी दोन शब्द बोललो तर तुमका काय जाता?’

सगळ्यांनी एकदम मास्तरांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

‘घाबरतो म्हणालास ना तो?’ त्यांनी मला विचारलं.

‘हो. खूप.’

‘मग बरोबर दाखवलंय.’ एवढंच. पुढे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही, आणि तेवढ्यात लाईट गेली, मग पाऊस आला तो असा की शेडखालीसुद्धा पाय भिजले. मास्तरांनी छत्री उघडली, टिप्याला एकट्याला काळोखात सोडलं तर तो आळी डोक्यावर घेतो, म्हणून निघाले. जाताना रुपाला म्हणाले, ‘लाईट आली की तो पहिला भाग लावून ठेव, खारीचा. टिप्याला घेऊन येतो.’

‘मास्तरांनू,’ बाबल्या पावसातून ओरडला, ‘तेका तसलो पट्टो घालू नकात हां! तुमचा सगळा गावभर सांगत फिरतलो!’