गाडी तीन दिवस का ठेवली आणि का खोलली नाही

नमस्कार भाऊ,

आमच्या गॅरेजला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. गाडी तीन दिवस अडकवून ठेवली, 850 रुपये घेतले, ऑइल गळायचं ते गळतंच आहे आणि आता शोरूमवाले म्हणतात की बाहेर दाखवली म्हणून वॉरंटी गेली, असं तुम्ही लिहिलंय. आधी माझी चूक सांगतो.

शनिवारी तुम्ही गाडी न्यायला आलात तेव्हा मी साक्रीला गेलेलो होतो. पोराने तुम्हाला एवढंच सांगितलं, "हाई काम आपलाकडे व्हस नही, शोरूमले न्या." हातात कच्चं बिल, त्यावर फक्त 'ऑइल चेकिंग 850'. तीन दिवस गाडीवाचून काढल्यावर हे ऐकून कोणालाही राग येईल. काय सापडलं आणि आम्ही का खोललं नाही, हे मी स्वतः फोन करून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. चेकिंगचे पैसे लागतील हेही गाडी घेताना बोललो नव्हतो, म्हणून त्या 850 मधले इंजिन वॉशिंगचे 300 रुपये परत करतो. बाकीचे 550 ठेवतोय, कारण ते काम झालेलं आहे.

गाडी आली तेव्हा इंजिन वरपासून खालपर्यंत ऑइलने माखलेलं होतं. बघताक्षणी वाटावं की टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं. मलाही तेच वाटलं. पण बोलता बोलता तुम्ही म्हणालात की शिरपूरला जाताना पंपावर अर्धा लिटर ऑइल टाकलं. टाकताना सांडलेलं ऑइलही ओघळून खालीच येतं. शिवाय गाडी पळताना वाऱ्याने ऑइल मागे मागे सरकतं, त्यामुळे थेंब एकीकडे आणि गळती दुसरीकडे असं नेहमी होतं. म्हणून पहिल्या दिवशी खालचं प्लॅस्टिक कव्हर काढून इंजिन धुतलं आणि कोरडं केलं. दुसऱ्या दिवशी ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही टॉर्चखाली चमकणारा रंग) टाकून मी स्वतः सोनगीरपर्यंत जाऊन आलो, साधारण 40 किलोमीटर, आणि गाडी रात्रभर उभी ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी लिफ्टवर घेतली, शटर ओढून अंधार केला आणि यूव्ही टॉर्च मारला. टॅपेट कव्हर कोरडं. फिल्टर, प्रेशर स्विच, ड्रेन नट, चेंबरचा (खालच्या ऑइलच्या टाकीचा) सांधा, सगळं कोरडं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे अगदी खालून मात्र पोपटी रंगाची बारीक रेघ चमकत होती आणि तिच्या टोकाला एक थेंब लटकलेला. डाय फक्त इंजिन ऑइलमध्ये होता, म्हणजे ते गिअर ऑइल नाही. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं मागचं ऑइल सील गळतंय. इंजिनातली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर पाइपही काढून पाहिला, कारण तो चोंदला तर इंजिनाच्या पोटात प्रेशर वाढतं आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. तो मोकळा होता.

कोणीतरी तुम्हाला सांगितलं की आपल्याकडच्या उन्हाने सील गेलं. तसं नाही भाऊ. चालत्या इंजिनात ऑइल 90-100 अंशांवर असतंच. धुळ्याचा 44 पारा त्या सीलला नवा नाही.

आता खोललं का नाही ते. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच आणि फ्लायव्हील काढावं लागतं. सील स्वस्त, मजुरी मोठी. तुमची गाडी 26 महिन्यांची आणि वॉरंटी तीन वर्षांची. मी खोललं असतं तर सात-आठ हजार तुमच्याच खिशातून गेले असते आणि उद्या तिथेच काही झालं तर कंपनीने माझ्या पान्याच्या खुणांकडे बोट दाखवलं असतं. बाहेरून सिलिकॉन लावून 300 रुपयांत काम होतं, असं तुम्ही लिहिलंय. फिरत्या शाफ्टवरचं सील आत असतं, बाहेरचं सिलिकॉन तिथवर पोचतच नाही. दोन दिवस थेंब दिसला नसता, एवढंच.

बाहेर नुसती दाखवली म्हणून वॉरंटी जात नाही. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांच्या प्रकरणात सांगितलं होतं की बाहेरच्या गॅरेजात गेल्यामुळे सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, तिथल्या चुकीच्या कामाने नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरतंच नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिलंही झाली. पण आम्ही तर इंजिनाचा एकही सांधा उघडलेला नाही. शोरूमवाले तरी नाही म्हणत असतील तर कारण लेखी मागा. तेही देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा.

शोरूमला जाताना सर्व्हिसची सगळी बिलं न्या. त्यांच्या जॉब कार्डवर (गाडी घेताना तक्रार लिहितात तो कागद) 'इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल गळती' असं किलोमीटर आणि तारखेसकट लिहून घ्या, म्हणजे वॉरंटी संपल्यावर पुन्हा गळलं तरी तक्रार मुदतीतली होती हे दिसेल. तोवर रोज सकाळी गाडी सपाट जागी असताना ऑइलची काडी बघत जा. पातळी खालच्या खुणेला आली तर ऑइल टाकल्याशिवाय निघू नका आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद करा. क्लच घसरायला लागला किंवा जळका वास आला तर ऑइल क्लच प्लेटपर्यंत गेलंय असं समजून लगेच दाखवा.

टॉर्चखाली काढलेले नऊ फोटो आज तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय, सोबत सह्या-शिक्क्याचा रिपोर्ट आणि पक्कं बिल. शोरूमची तारीख मिळाली की कळवा. मी सोबत येतो आणि ती रेघ त्यांच्या लिफ्टवरच त्यांना दाखवतो.