अदोमी हा भाऊबंद आहे : मावशीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

मागच्या आठवड्यात ठाण्याहून मावशीचा फोन आला. तिच्या शेजारच्या खोलीत गेली अडतीस वर्षं एक बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी यहुदी समाजातलं, कुटुंब राहतं. त्यांच्याकडे नवस फेडायचा असला की एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांचे काप, असं एक ताट झाकून मावशीकडे येतं. ते ताट मावशीने कधी रिकामं परत केलेलं नाही. या वेळी मात्र ते घासूनपुसून आठ दिवस तिच्या ओट्यावर पडून आहे. तिच्या प्रार्थना ग्रुपवर एक मेसेज आला आणि तो वाचून ती मला विचारत होती, "अगं, मग या वहिनी अदोमी का? त्यांच्याकडचं घ्यावं की नाही?"

अडतीस वर्षांच्या शेजारात आठ ओळींच्या मेसेजने एवढी फट पाडली, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं असं : आजचे यहुदी याकोबाचे वंशज नाहीतच, ते बाटवून यहुदी केलेले अदोमी, म्हणजे याकोबाचा जुळा भाऊ एसाव याचे वंशज आहेत. देवाने एसावाचा द्वेष केला, म्हणून हा वंश कायमचा शापित आहे. यरुशलेमचं मंदिर यांनीच जाळलं. एसाव जन्मतः तांबडा होता, म्हणून गोरे युरोपियनही अदोमीच. तान्ह्या येशूच्या जिवावर उठलेला हेरोद अदोमीच होता. आणि शेवटी, अशा लोकांशी सहभागिता ठेवू नका.

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ताट त्याच्यामुळे अडलंय. अदोम्याशी कसं वागायचं याचा सरळ नियम शास्त्रात आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २३ वा अध्याय काढा, ७ वं आणि ८ वं वचन वाचा. अदोम्याचा तिटकारा करायचा नाही, कारण तो तुझा भाऊबंद आहे. आणि त्याची तिसऱ्या पिढीची मुलं परमेश्वराच्या मंडळीत येऊ शकतात. हा मोशेचा नियम आहे. त्याच अध्यायात चार वचनं आधी अम्मोनी आणि मवाबी यांना दहाव्या पिढीपर्यंत मज्जाव केलाय. अदोम्याला मुद्दाम त्यातून वेगळं काढलंय आणि कारण दिलंय ते नात्याचं. मेसेज लिहिणाऱ्याने बायबलमधली सात वचनं दिली आहेत. त्यांत हे नाही. अदोम्यांवर एवढं लिहिणाऱ्याच्या नजरेतून नेमकं हेच कसं सुटलं, ते त्याने सांगावं.

भाऊबंद म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ज्याच्याशी बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टकचेरी चालते आणि ज्याच्या घरी मयत झालं की सगळ्यांत आधी आपणच धावतो, तो भाऊबंद. एसाव आणि याकोब यांचं अगदी तसंच आहे. मसुरीच्या तांबड्या कालवणावर एसावाचा ज्येष्ठपणाचा हक्क गेला, याकोबाने आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद घेतला, एसावाने जिवे मारण्याची भाषा केली. पळून गेलेला याकोब वीस वर्षांनी परत निघाला, तेव्हा एसाव ४०० माणसं घेऊन समोरून येतोय असं कळलं आणि त्याची गाळण उडाली. त्याने शेरडं, मेंढरं, उंटं, गाढवं भेट म्हणून कळपाकळपाने पुढे पाठवली. सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. आणि एसावाने काय केलं? धावत आला, गळ्यात पडला, दोघं रडले. तुझं तोंड पाहिलं ते देवाचं तोंड पाहिल्यासारखं वाटलं, असं याकोब त्याला म्हणतो. पुढे म्हातारा इसहाक गेला तेव्हा त्याला मूठमाती दोघांनी मिळून दिली. उत्पत्ती ३३ आणि ३५, दोन्ही अध्याय उघडून बघा.

मग मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात "एसावाचा द्वेष केला" असं का म्हटलंय? ते वचन आहेच, मी नाकारत नाही. पण त्याच्या आधीच्याच वचनात विचारलंय, एसाव याकोबाचा भाऊ नव्हता का? आणि पुढचं बोलणं चाललंय ते उजाड झालेल्या डोंगरांविषयी, एका राज्याच्या नाशाविषयी. दोन-अडीच हजार वर्षांनी ठाण्याच्या चाळीत राहणाऱ्या बाईचा तिथे संबंध येतोच कुठे? संदेष्टे अदोमावर कडक बोलले, तसे इस्राएलावरही बोलले, आणि जास्तच बोलले. आमोस तर अदोमाला दोष देतो तोच मुळी भावावर तलवार उपसली म्हणून. हाच आमोस लगेच पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीला मवाबाला शिक्षा सांगतो. मवाबाचा गुन्हा काय? अदोमाच्या राजाची हाडं जाळून त्यांचा चुना केला. शापित म्हणून टाकून दिलेल्या लोकांच्या राजाच्या हाडांची देव अशी विचारपूस करतो का?

आता बाटवण्याचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, ते कबूल करते. इ.स.पू. सहाव्या शतकात अदोमाचं राज्य मोडलं. मृत समुद्राच्या दक्षिणेकडच्या त्यांच्या डोंगरात पुढे नबाती आले, आणि बरेच अदोमी हेब्रोन आणि मारेशाच्या बाजूला, म्हणजे यहूदाच्याच दक्षिण भागात वसले. त्या भागाला पुढे ग्रीक वळणाने इदोम किंवा इदुमिया म्हणू लागले. तिथे मातीच्या खापरांवर शाईने लिहिलेल्या अरामी नोंदी मोठ्या संख्येने सापडल्या आहेत, आणि कितीतरी माणसांच्या नावांत कौस या अदोमी देवाचं नाव आहे. मग इ.स.पू. ११० च्या सुमाराला योहान हुर्कानस या यहुदी राज्यकर्त्याने तो भाग जिंकला आणि सुंता करून यहुदी नियम पाळा नाहीतर देश सोडा, असं बजावलं. हे योसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि मेसेजवाल्याने त्याचंच नाव दिलंय. मात्र वाक्य अर्ध्यावर तोडलंय. योसेफस पुढे म्हणतो की तेव्हापासून ते यहुदीच झाले.

आता पिढ्या मोजा. इ.स.पू. ११० ला जो आत आला, त्याचा नातू येशूच्या जन्माच्या कितीतरी आधी हयात होता. मोशेच्या नियमाने तो मंडळीतला झाला. दोन हजार वर्षांपूर्वी झाला! हा नियम देणाऱ्याने तीन पिढ्यांत ज्याला आत घेतलं, त्याला आपण कोण बाहेर ठेवणार?

शिवाय सगळे यहुदी हुर्कानसच्या हाताखाली होते कुठे? बाबेलला त्यांची वस्ती बंदिवासापासून होती. मिसरात नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात यहुदी शिपायांची छावणी होती, त्यांचे पपायरसवरचे कागद आज वाचता येतात. ती माणसं अदोमी कशी झाली? आणि बाहेरून आल्याने वंश खोटा ठरत असेल, तर रूथ मवाबी होती, दहाव्या पिढीपर्यंत मज्जाव असलेल्यांतली. दावीद राजा तिचा पणतू. येशूच्या वंशावळीत मत्तयाने तिचं नाव घातलंय.

बेने इस्राएलांना तर यात ओढणंच चुकीचं आहे. त्यांच्या घरांत सांगतात ते असं, की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले; पुढे तेलाचा घाणा धरला, शनिवारी तो बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली नाव पडलं. २०१६ साली प्लॉस वन या नियतकालिकात त्यांच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे दिसले. रक्तच तपासायचं असेल, तर तेही तपासून झालंय.

मंदिराचं बघू. जाळलं बाबेलच्या सेनेने. राजे, दुसरं पुस्तक, २५ वा अध्याय, नबुजरदान हे नावही दिलंय. अदोम्यांनी जाळलं असं एका जुन्या ग्रीक एज्रा ग्रंथात म्हटलंय, पण तो आपल्या बायबलमध्ये नाही. अर्थात अदोमी त्या वेळी चांगले वागले असं मी म्हणणार नाही. ओबद्या संदेष्ट्याचं २१ वचनांचं छोटं पुस्तक वाचताना आजही अंगावर काटा येतो. भाऊ लुटला जात असताना हे बाजूला उभे राहिले, हसले, लुटीत हात घातला आणि पळणाऱ्यांना वाटेवर गाठून मारलं. यहूदाच्या दक्षिणेकडच्या अरादच्या किल्ल्यात एक खापर मिळालं, त्यावर यहूदाच्या अधिकाऱ्याचा घाईचा हुकूम आहे. अदोम तिथे येऊन थडकेल, त्याआधी रामथ-नेगेबला माणसं पाठवा, असा. म्हणजे भीती खरी होती. पण हिशेब दोन्हीकडचा लावा. दावीदाच्या काळात त्याचा सेनापती यवाब याने सहा महिने अदोमात तळ ठोकून पुरुषांची कत्तल केली. अमस्या राजाच्या लोकांनी दहा हजार अदोमी कैदी कड्यावरून ढकलले. हेही बायबलमध्येच आहे, आणि मेसेजमध्ये नाही.

तांबड्या रंगाचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. एसावासाठी जो इब्री शब्द आहे, तोच शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात कोवळ्या दावीदासाठी आलाय. मग दावीदही अदोमी म्हणायचा का? यहुदी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, पुढे रोमला अदोम म्हणू लागले हे खरं, पण ते छळणाऱ्या सत्तेला ठेवलेलं नाव होतं. त्यावरून कुणाची वंशावळ निघत नाही.

राहिला हेरोद. बाप इदोमी, हे बरोबर. क्रूर होता, बायकोला आणि पोटच्या मुलांना त्याने मारलं, हेही बरोबर. पण एका राजाच्या पापावरून त्याची सगळी जात ओळखायची, तर मार्क ३:८ चं काय करायचं? येशूकडे दुरून आलेल्या लोकांच्या यादीत इदोमाचं नाव आहे. ही माणसं त्याच्याविषयी ऐकून, त्याला हात लावून बरं व्हायला आली होती. त्याने त्यांना परत पाठवल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पुढे रोमनांनी यरुशलेमला शेवटचा वेढा घातला, तेव्हा तटावर इदोमी लढवय्येही होते, हेसुद्धा योसेफसच सांगतो.

त्याच हेरोदाच्या घराण्यातल्या अग्रिप्पा राजाची गोष्ट यहुद्यांच्या मिश्ना ग्रंथात, सोटा या भागात आहे. मंदिरात लोकांपुढे नियमशास्त्र वाचायची पाळी त्याच्यावर आली. राजाने बसून वाचलं तरी चालत असे, हा उभा राहून वाचत होता. वाचता वाचता, जो तुझा भाऊबंद नाही अशा परक्याला राजा करू नको, या वचनापाशी पोहोचला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुढच्या काळातल्या रब्बींनी लोकांना दोष दिला, की तुम्ही राजाची खुशामत केलीत. केली असेलही. पण लोक त्या वेळी जे ओरडले ते मिश्नाने जपून ठेवलंय : भिऊ नको अग्रिप्पा, तू आमचा भाऊ आहेस, तू आमचा भाऊ आहेस, तू आमचा भाऊ आहेस.

रविवारी उपासना झाली की मी ठाण्याला जाणार आहे. मावशीने नानकटाई करून ठेवते म्हणून सांगितलंय, त्याच ताटात घालून द्यायला.