डाउडिंगना चर्चिलने सूड म्हणून काढलं नव्हतं

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरवला जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचे प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग यांनी रडारचा शोध लावला, फ्रान्सला एकही विमान जाऊ दिलं नाही, आणि तो राग मनात धरून चर्चिलने १९४० ची ब्रिटनवरची हवाई लढाई, म्हणजे ‘बॅटल ऑफ ब्रिटन’, संपताच त्यांना हाकललं, असं त्यात म्हटलंय. या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

रडार त्यांचं नव्हे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी रेडिओलहरींनी विमान टिपून दाखवलं. हवाई दलाचं संशोधन खातं तेव्हा डाउडिंगकडे होतं. आधी प्रयोग दाखवा, मग पैसे, ही अट त्यांची. त्यांचं कर्तृत्व पुढचं आहे आणि शोधापेक्षा तसूभरही कमी नाही. १९३६ मध्ये लढाऊ विमानदलाची, म्हणजे फायटर कमांडची सूत्रं हाती आल्यावर त्यांनी किनाऱ्यावरची रडार केंद्रं, आत घुसलेल्या विमानांवर नजर ठेवणारे ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक आणि टेलिफोनच्या तारा यांची एकच साखळी बांधली. रडारच्या बातम्या बेंटली प्रायरी इथल्या फायटर कमांडच्या मुख्यालयात, फिल्टर रूममध्ये येत, तिथे चुकीच्या आणि दुबार नोंदी गाळल्या जात, आणि काही मिनिटांत ग्रुप व सेक्टर या विभागीय केंद्रांच्या नकाशांवर खुणा सरकत. त्यामुळे मोजक्या लढाऊ विमानांना दिवसभर गस्त घालत दमावं लागलं नाही. रडार जर्मनांकडेही होतं. अशी साखळी नव्हती.

फ्रान्सचं म्हणाल तर १६ मे १९४० चं त्यांचं पत्र खरंच धाडसाचं. देशाच्या रक्षणाला लढाऊ विमानांच्या ५२ स्क्वॉड्रन (तुकड्या) लागतील असा अंदाज असताना आता जेमतेम ३६ उरल्या आहेत, असं त्यांनी रोखठोक लिहिलं. पण त्यानंतरही विमानं गेलीच. आणखी स्क्वॉड्रन पाठवायच्या नाहीत हा निर्णय १९ मे रोजी खुद्द चर्चिलने दिला.

मग सूड कसला? हवाई मंत्रालय त्यांच्या निवृत्तीची तारीख १९३९ पासून ठरवत आणि पुढे ढकलत होतं. जुलै १९४० मध्ये चर्चिलनेच हवाई मंत्री सिंक्लेअरना लिहिलं की हा तुमच्याकडच्या उत्तम माणसांपैकी एक आहे, त्याला ठेवा. लंडनवर रात्रीचे हल्ले सुरू झाले आणि ते थोपवता येईनात, तेव्हा वारं फिरलं. माजी हवाई दलप्रमुख सॅल्मंड यांनी चौकशी करून बदलीची शिफारस केली. मोठ्या फळ्या करून लढावं म्हणणाऱ्या ली-मॅलरी या त्यांच्याच हाताखालच्या ग्रुपप्रमुखाचा विरोध होताच. विमानात बसवलेलं (एअरबोर्न) रडार आणि ब्यूफायटर ही लढाऊ विमानं हाच रात्रीच्या हल्ल्यांवरचा उपाय, हे डाउडिंगचं म्हणणं १९४१ च्या वसंतात खरं ठरलं. पण नोव्हेंबर १९४० मध्येच त्यांची जागा शोल्टो डग्लस यांनी घेतली होती.

अन्याय झालाच, पण तो मंत्रालयाने केला. १९४१ मध्ये मंत्रालयाने ‘बॅटल ऑफ ब्रिटन’वर पुस्तिका काढली आणि तिच्यात डाउडिंगचं नावच नव्हतं. ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईची हकीकत ती जिंकणाऱ्या नेल्सनला वगळून सांगण्यासारखं हे आहे, असं सिंक्लेअरना सुनावलं ते चर्चिलने. १९४३ मध्ये डाउडिंगना लॉर्ड केलं गेलं. मार्शल ऑफ द रॉयल एअर फोर्स हे हवाई दलातलं सर्वोच्च पद मात्र त्यांना कधीच दिलं नाही.