रमतगमत म्हणे!

सकाळपासून डोकं तापलंय, त्यामुळे शब्द जपून वापरायच्या मनःस्थितीत नाही.

"रविवारी नदीकाठी रमतगमत फेरी. निसर्गाची शांतता अनुभवूया." ग्रुपवरच्या या मेसेजला सव्वीस अंगठे, अकरा नमस्कार आणि एक "नक्की येतो, बघतो." प्रत्यक्षात उगवलो चौदा. सहाला निघायचं होतं, निघालो पावणेसातला. कारण सहाची वेळ ज्याने ठरवली तोच घोरत पडला होता.

ते एक वेळ सोडा. पुलाच्या पुढच्या वळणावर एक वाळकी फांदी पाण्यावर वाकलीये. तिच्यावर खंड्या बसला होता. तो चिमुकला, निळ्या पाठीचा, चाळीसेक ग्रॅमचा जीव. मी सगळ्यांत पुढे. हात मागे करून घोळका थांबवला. खंड्याने सूर मारला, मासा घेऊन वर आला आणि फांदीवर आपटायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मासा गार झाला की तो चोचीतल्या चोचीत फिरवून डोक्याकडून गिळतो, म्हणजे खवले-पर घशात अडत नाहीत. मला फक्त तेवढंच बघायचं होतं हो! फिरवायला घेतलाच होता त्याने, आणि माझ्या कानामागे "टुंग! कनेक्टेड!" त्यापाठोपाठ ढोल.

कुणाच्या तरी सॅकला लटकवलेला ब्लूटूथ स्पीकर. पाण्यावरून एक निळी रेघ गेली आणि मासा डुबुक.

स्पीकरवाल्याचं उत्तर ऐका: "जरा वातावरणनिर्मिती!" अरे, समोर अख्खी नदी वाहतेय, कोवळं ऊन पडलंय, झाडांवर पाखरं कलकलतायत, आणि तुला वातावरण कमी पडतंय? वर "पक्षी काय, उद्या पण असेल." तू पण असशील ना उद्या, तीच तर भीती आहे!

आणि तो स्टेप्सवाला. दर तीन मिनिटांनी मनगट बघून आकडा जाहीर करतो. दहा हजार झालेच पाहिजेत म्हणून हा बाकाभोवती गोल गोल फिरत होता. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या डॉक्टरने लिहून दिलेला नाही, हे मी त्याला मागच्या वेळीही सांगितलं होतं. तेव्हाही तो बाकाभोवतीच होता.

पाच-पाच जण हातात हात घालून पायवाट अडवणारे, मधोमध उकिडवे बसून बुटाची नाडी बांधणारे, पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्याला टाळ्या वाजवून "ए, उड ना" म्हणणारे... आणि हो, विषय निघालाच आहे तर, दोन ओळींच्या कामासाठी चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवणारे. त्यांचा नदीशी काही संबंध नाही, पण राहवलं नाही.

परतताना शेवटी मी फुटलो. "निसर्गात आलोय ना आपण? तोंडं बंद ठेवता येत नाहीत?" नेमका पुलाखाली उभा होतो. तिथे आवाज केवढा घुमतो! बंद ठेवता येत नाहीत, ठेवता येत नाहीत, येत नाहीत... पलीकडच्या काठावरचे बगळे, जे ढोलालाही हलले नव्हते, ते सगळेच्या सगळे उडाले.

स्पीकरवाला एक शब्द बोलला नाही. फक्त बगळ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला. ग्रुपवर आलाय. बगळे झकास आलेत, मी मात्र आ वासून, बोट वर करून. अठ्ठावीस अंगठे पडलेत, मूळ मेसेजपेक्षा दोन जास्तच. पुढच्या रविवारी शांतता राखायची जबाबदारी सर्वानुमते माझ्या गळ्यात मारलीये. सहा वाजता. म्हणजे पावणेसात.